बॉयलर कोणी बंद केला

मिलिंद,

तुला जाऊन अकरा दिवस झाले. क्रेमेटोरियममध्ये मी तिसऱ्या रांगेत बसलो होतो. जो उठेल तो तुझ्याबद्दल चांगलंच बोलत होता. हॉस्पिटलच्या दुरुस्ती-देखभालीच्या इस्टेट्स डिपार्टमेंटमधला तुझा मॅनेजर, तुमच्या रविवारच्या बुद्धवंदनेला येणारी माणसं, वॉर्डातली एक सिस्टर, अगदी तो पार्किंगवालासुद्धा. एका माणसाबद्दल इतक्या लोकांचं इतकं एकमत मी आजवर पाहिलेलं नाही, आणि खरं सांगतो, मला तिथेही संशय आला. म्हटलं, ही मंडळी काहीतरी लपवतायत. वैजूच्या कानाशी लागलो तर तिने माझ्या दंडाला चिमटा काढला. "आज तरी," म्हणाली.

माझी खोड तुला माहीत होती. तूच म्हणायचास, "डॉक्टर, तू पेशंटची नाडी दोनदा बघत असशील. एकदा नाडी म्हणून, आणि एकदा ती खोटं बोलून राहिली का म्हणून."

मला तुझ्याशी एका गोष्टीचा सोक्षमोक्ष लावायचा आहे. दोन हजार पाचच्या डिसेंबरात आम्ही पुण्याला गेलेलो असताना आमच्या लीड्सच्या घरातला बॉयलर कोणी बंद केला? तीन वर्षं मी धरून चाललो होतो की तू. तुझ्या तोंडावर अर्धवट बोललो, पाठीमागे पुरता बोललो. तू हो म्हणाला नाहीस, नाही म्हणाला नाहीस. आता मला उत्तर कळलंय, आणि तेव्हापासून मला धड झोप नाही.

आपली ओळखच मुळी माझ्या संशयीपणातून झाली. वैजूने आणि मी ते सव्वाशे वर्षांचं विटांचं घर घेतल्यानंतरचा पहिलाच हिवाळा. सकाळी वैजूने किचनचा नळ सोडला तर थेंब नाही. पाइप गोठलेला. फोनबुकातून एक इमर्जन्सी प्लंबर बोलावला. वैजूने चहा विचारला तर नको म्हणाला, आणि तिथेच माझी शंकेची पाल चुकचुकली, कारण यॉर्कशरमध्ये चहा नको म्हणणारा प्लंबर मी ऐकलेला नव्हता. म्हटलं, याला काहीतरी उरकून पळायचंय. मी त्याच्या मागे हाताची घडी घालून उभा राहिलो. हा कुठला पाइप? तोच गोठलाय कशावरून? फळी का उचकटताय? दहाव्या मिनिटाला त्याने हत्यारं गोळा केली, "यू डू इट देन, लव्ह," असं यॉर्कशरी लाडाने म्हणाला आणि चालता झाला.

त्या दुपारी माझ्या क्लिनिकमध्ये तू रेडिएटरखाली आडवा पडून काहीतरी पिळत होतास. मी फोनवर वैजूला मराठीत सांगत होतो की वर्षभर शेजारून पाणी आणू, पण त्या चोराला परत घरात घेणार नाही. रेडिएटरखालून आवाज आला, "साहेब, तो चोर नसेल. चोर चहा घेतो, बसतो, ओळख वाढवतो." मराठी, आणि तेही नागपूरचं! मी दचकलोच.

ड्यूटी संपवून तू घरी आलास. आधी किचनचा नळ पूर्ण उघडून ठेवलास. मी म्हटलं, पाणीच येत नाही तर उघडायचा कशाला? "बर्फ वितळला की पाण्याला जायला वाट नको का?" मग सिंकखाली हात घालून मुख्य कॉक फिरतो की नाही ते पाहिलंस, वैजूचा हेअरड्रायर मागून घेतलास, आणि नळाच्या टोकापासून मागे मागे, वीत वीत करत पाइप गरम करत गेलास. मधूनमधून हाताची मागची बाजू पाइपला लावायचास, लेकराचा ताप बघतात तशी. मला दम कुठला? मी केटल उकळून आणली. तू माझं मनगट धरलंस. "बर्फाने बधिर झालेल्या बोटावर उकळतं पाणी ओततोस का बे, डॉक्टर?" पहिल्याच भेटीत साहेबाचा बे झाला. राग यायला हवा होता, पण तेवढ्यात नळ खोकला, दोनदा थुंकला, आणि वैजूने घाईघाईने पातेलं खाली धरलं.

जाताना तू बजावलंस की पाइप फुटतो गोठताना, पण कळतं वितळताना. म्हणून थंडी पडली की घाबरू नकोस, ऊन पडलं की घाबर. मी ते वैजूला फ्रिजवर लिहून ठेवायला लावलं होतं.

मग इथल्या मराठी मंडळातल्या सगळ्यांना तुझा नंबर गेला. सगळ्यांची घरं जुनी, सगळे डॉक्टर, आणि इंजेक्शन सोडून कुणालाही कुठल्याही हत्याराची माहिती नाही. 'आपल्या मिलिंदला बोलवा' हा आमचा मंत्रच झाला. हा 'आपला' शब्दही आता मला खटकतो. आमच्या मागच्या रस्त्यावरच्या, कान-नाक-घसा बघणाऱ्या कुलकर्णींना कोणी 'आपले कुलकर्णी' म्हटल्याचं मला आठवत नाही. ते नुसते कुलकर्णी होते.

पण आपली दोस्ती खरी होती, हे मी कुणालाही छातीठोकपणे सांगेन. रविवारी तू आणि संगीतावहिनी जेवायला यायचात आणि आपण भांडायचो. पुण्याची माणसं शिकून कितीही मोठी झाली तरी दाराची साखळी काढत नाहीत, हे तुझं म्हणणं. नागपूरकर साखळी लावतच नाहीत म्हणून जगात चोर आहेत, हे माझं. वैजू आणि वहिनी आपल्याला दोघांना सोडून सरळ टीव्ही लावायच्या.

दोन हजार पाचात आई सहा महिने आमच्याकडे होती. पहिल्याच दिवशी तिने तुला आडनाव विचारलं. मला धरणीने पोटात घ्यावं असं झालं. तू आडनाव सांगितलंस, गाव सांगितलंस, आणि वर खणखणीत जयभीमही घातलास. आई म्हणाली, "नागपूरचा का? मग तुला माझी आमटी गुळमट लागेल. ठेचा वाढू?" संपलं. त्यानंतर तुम्हा दोघांचंच मेतकूट. मी मात्र उगाचच आठवडाभर आईवर नजर ठेवून होतो, ती तुझ्या पाठीमागे काही बोलते का म्हणून. ती काहीच बोलली नाही. नजर माझ्यावर ठेवायला हवी होती.

आईला एक सवय होती, आजही आहे. खोलीतून निघताना बटण बंद. घरातून निघताना सगळी बटणं बंद. गावाला निघताना गॅस, गीझर, फ्रिज, सगळं बंद करून फ्रिजच्या दाराला टॉवेल अडकवायचा, आत कुबट वास राहू नये म्हणून. तिच्या लेखी दिवा दिसला की कुणीतरी विसरलंय. ऑक्टोबरात तिने गराजमधल्या डीप फ्रीझरचं बटण बंद केलं आणि आतलं सगळं नासलं. मी तिच्यावर ओरडलो. तू समोर होतास. "आई, या घरात तू कशालाही हात लावायचा नाहीस," असं मी म्हणालो, आणि त्याहून वाईटही बोललो, ते इथे लिहीत नाही. त्यानंतर आठवडाभर आई प्रत्येक गोष्टीला विचारायची. "दिवा लावू का रे?" "नळ सोडू का?" एकदा मी घरात नसताना तिने तुलाच विचारलं की चहाला गॅस पेटवला तर चालेल का. तू मला हे नंतर सांगितलंस आणि म्हणालास, "श्रीकांत, म्हातारी भिऊन राहिली तुले." मी विषय बदलला.

डिसेंबरात भाचीच्या लग्नाला आम्ही आईला घेऊन पुण्याला निघालो. चार आठवडे. घर उबदार राहून पाइप गोठू नयेत म्हणून बॉयलर अगदी मंद चालू ठेवायचा हे तूच मला शिकवलं होतंस, आणि थर्मोस्टॅट मी स्वतःच्या हाताने लावला, दोनदा तपासला. किल्ली तुझ्याकडे. आठवड्यातून एकदा चक्कर टाकशील असं ठरलं.

सातव्या दिवशी पुण्याला तुझा फोन आला. माळ्यावरच्या टाकीचा पाइप फुटला होता. मागच्या बेडरूमचं छत खाली आलं होतं. "पाणी बंद केलंय, टाकी रिकामी केलीय. तू लग्न उरक, मी आहे इथे." मी पहिला प्रश्न विचारला तो असा: "तू गेलास तेव्हा बॉयलर चालू होता?" तू क्षणभर थांबलास. संशयी माणसाला असा एक क्षण म्हणजे मेजवानी असते. "बंद पडला होता," तू म्हणालास.

पडला, की केला? पुढचे तीन आठवडे लग्नाच्या पंगतीत, नातेवाईकांत, परतीच्या विमानात मी हेच चघळत होतो. म्हटलं, मिलिंद काहीतरी दुरुस्त करायला गेला असेल, बॉयलर बंद केला असेल, परत लावायला विसरला असेल. नाहीतर आठवडाभर फिरकलाच नसेल आणि आता सारवासारव करतोय. परत आलो तर माळ्यावर ठेवलेला माझ्या वडिलांच्या पत्रांचा खोका लगदा झाला होता. त्यातली तीसेक पत्रं तू तुमच्या घरी नेऊन, रेडिएटरवर एकेक पसरून, वाळवून आणली होतीस. मी ती हातात घेतली आणि माझ्या मनात काय आलं असेल? यानं वाचली असतील का!

दुसऱ्या दिवशी मी शेजारच्या मार्गारेटला गाठलं. मिलिंद किती वेळा आला होता? तुमच्या सुट्टीच्या पहिल्या आठवड्यात एकदाच पाहिलं, म्हणाली. मला घबाड सापडल्यासारखं झालं. आठवड्यातून एकदाच यायचं असं आपलंच ठरलं होतं, हे मला त्या क्षणी आठवलंच नाही. त्या दिवसांत हॉस्पिटलचे पाइपही गोठले होते आणि तू डबल शिफ्ट करत होतास, हेही मला नंतर दुसऱ्याकडून कळलं. तू सांगितलं नाहीस, मी विचारलं नाही.

मार्गारेटने तुला सांगितलं असणार. शनिवारी तू आलास, एकटाच. नवीन पाइपांना गुंडाळायचा फोम आणला होतास, तो दाराशी ठेवलास. बसलास किचनच्या टेबलापाशी. वैजूने केलेला चहा तसाच होता.

"तू शेजारणीला विचारलंस," तू म्हणालास. "मला विचारायचं."

"विचारलं होतं. तू नीट सांगितलं नाहीस."

"काय सांगायचं होतं? बंद होता, मी चालू केला."

"मी चालू ठेवून गेलो होतो, मिलिंद. भुतं येऊन बंद करत नाहीत. घराची किल्ली एकट्या तुझ्याकडे होती."

तू चहाचा कप बाजूला सारलास. मग अगदी हळू विचारलंस, "माझ्या जागी कुलकर्णी असते तर त्यांच्या मागे शेजारणीला विचारलं असतंस का?"

माझं डोकंच सटकलं. मी म्हणालो, प्रत्येक गोष्टीत तेच आणू नकोस. म्हणालो, या घरात तू माझ्या आईच्या हातचं जेवला आहेस. म्हणालो, कुलकर्णी असते तर त्यांनाही विचारलं असतं, अगदी असंच. आणि मग म्हणालो, किल्ली ठेवून जा. वैजू ओट्यापाशी उभी होती. ती "अरे श्रीकांत" एवढंच म्हणाली. तू तुझ्या जुडग्यातून आमची किल्ली काढायला लागलास. कडं घट्ट होतं, नखाने उघडेना, आणि मी तुला मदतही केली नाही.

त्यानंतर आपण बोलत होतो, नाही असं नाही. कॉरिडॉरमध्ये भेटलो की "काय डॉक्टर", "काय मिलिंद". पण रविवारची जेवणं बंद झाली. आमच्या घरी काही बिघडलं की मी फोनबुक काढायचो, आणि येईल त्या प्लंबरच्या मागे हाताची घडी घालून उभा राहायचो.

या फेब्रुवारीत इतका बर्फ पडला आणि त्यातच तू गेलास. गेल्या रविवारी मी आईला पुण्याला फोन करून सांगितलं. ती रडली. मग नाक ओढत म्हणाली, "फार गुणी मुलगा रे. त्या वेळी मी बॉयलर बंद केला तेव्हासुद्धा किती सांभाळून घेतलं त्याने."

मी फोन या कानावरून त्या कानावर घेतला.

"टॅक्सी दारात आली होती," आई सांगत होती. "तुम्ही बॅगा चढवत होता. मी म्हटलं, महिनाभर घर बंद, एक नजर टाकावी. फ्रिज बंद केला, दाराला टॉवेल लावला. तिथेच त्या बॉयलरच्या पेटीशेजारी लाल दिव्याचं बटण होतं, तेही बंद केलं. मिलिंदचा पहिला फोन आला तेव्हा तू लग्नाच्या हॉलवर गेला होतास. म्हणाला, आई, टॉवेल तुमचाच ना? मी तर रडायलाच लागले. तो म्हणाला, रडू नका, पाइप जुनाच होता, आज ना उद्या फुटलाच असता. म्हणाला, तुम्ही काही बोलू नका, श्रीकांतला मी बघतो."

मग ती जे बोलली ते तुला सांगायलाच हवं. म्हणाली, "मला वाटलं आता तू येऊन मला फाडून खाशील. पण तू अवाक्षर काढलं नाहीस. इतकी वर्षं झाली, एकदासुद्धा नाही. मी देवाला म्हटलं, माझा मुलगा शहाणा झाला."

तीन वर्षं ती मला शहाणा समजून बसली आहे, मिलिंद. "झोप आता, आई," म्हणालो आणि फोन ठेवला.

पण स्वभावाला औषध नाही. दुसऱ्याच दिवशी मला तुझाच संशय यायला लागला. आईला वाचवलंस, ठीक. पण मला का नाही सांगितलंस? नंतर कधीतरी, आई तिकडे लांब असताना? मी कुठवर घसरतो ते बघत होतास का? मला तोलत होतास, आणि मी दर वेळी कमीच भरत होतो का? असला चांगुलपणा मला झेपत नाही. त्याच्या तळाशी काहीतरी असणार असं मला वाटतं.

म्हणून काल वहिनींकडे गेलो. पिठलं-भाकरीचा डबा वैजूने दिला होता, तेवढंच निमित्त. वहिनींना मी सरळ विचारलं, त्याने मला का सांगितलं नाही? त्या जराही चकित झाल्या नाहीत.

"मी तेव्हाच म्हटलं होतं, भाऊजींना सांगून टाका. तर हे म्हणाले, सांगितलं तर तो म्हातारीवर ओरडेल, नाही सांगितलं तर माझ्यावर. मला चालते."

"बस? एवढंच?"

"एवढंच." त्यांनी डबा रिकामा करून, धुऊन, पुसून माझ्या हातात दिला. मग म्हणाल्या, "पण भाऊजी, किल्लीचं त्यांना लागलं होतं. ते बोलले नाहीत. पण लागलं होतं."

परत येताना गाडी कुलकर्णींच्या घरावरून आणली. मुद्दाम नव्हे, बर्फामुळे आमचा रस्ता बंद होता. तुझी किल्ली घेतली त्याच्या दुसऱ्या दिवशी ती मी त्यांनाच नेऊन दिली होती. पुढच्या ईस्टरला आम्ही आठवडाभर ग्लासगोला गेलो, तेव्हा ते आमच्या कुंड्यांना पाणी घालायला आले, माळ्यावरच्या बाथरूममध्ये बादलीत नळ सोडला, मॅच बघायला खाली बसले आणि नळ विसरून घरी गेले. ज्या छतासाठी मी तुला उभं-आडवं घेतलं, ते नवंकोरं छत पुन्हा भिजून फुगलं. मी परत येऊन पाहिलं आणि हसलो. खरंच हसलो. मंडळाच्या दिवाळीच्या जेवणात सगळ्यांना रंगवून सांगितलं, कुलकर्णींच्या पाठीवर थाप मारून. तू हॉलच्या गीझरचं काम बघायला आला होतास, हातात पाना होता, दाराशी उभा राहून ऐकत होतास. सगळ्यांबरोबर तूही हसलास. त्यांच्याकडची किल्ली मी परत मागितली नाही. ती आजही त्यांच्याकडे आहे.

त्या शनिवारी मी तुला सांगितलं होतं की कुलकर्णी असते तर त्यांनाही विचारलं असतं, अगदी असंच. मी खोटं बोललो होतो, मिलिंद. त्यांना मी काहीच विचारलं नाही. विचारावं असं माझ्या मनातच आलं नाही.